केनकेनची चौकट: प्रत्येक आकड्यामागे एक ‘म्हणून’

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीतील पाचवी ते आठवीची काही मुले दर रविवारी सकाळी माझ्याकडे आकड्यांची कोडी सोडवायला येतात. गेल्या रविवारी सहावीतील एका मुलाने चार बाय चारची सोडवलेली चौकट माझ्यापुढे ठेवली. सोळाही घरे भरलेली होती, खोडरबराने घासून घासून कागद दोन ठिकाणी विरला होता आणि उत्तर अगदी बरोबर होते. मी वरच्या डाव्या कोपऱ्यातील आकड्यावर बोट ठेवून विचारले, “येथे ३ का?” तो म्हणाला, “बसतोय म्हणून.” मी विचारले, “येथे १ बसला नसता का?” त्याने थोडा वेळ चौकटीकडे पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले की तसे त्याने तपासलेच नव्हते.

हा धागा त्या संवादावरून सुचला. ‘हा आकडा येथे बसतो’ आणि ‘येथे दुसरा कोणताच आकडा बसत नाही’ ही दोन विधाने दिसायला जवळची असली तरी पहिल्याच्या आधारावर आकडा लिहिणारा पुढच्या प्रत्येक घरात अडखळण्याची शक्यता पत्करतो, तर दुसऱ्याच्या आधारावर लिहिणाऱ्याला खोडरबर लागतच नाही. केनकेनसारखे कोडे आवडण्याचे माझे कारणच हे आहे की त्यात आकडेमोड तिसरी-चौथीच्या पुढची नसते, पण ‘म्हणून’ हा शब्द प्रत्येक घरात प्रामाणिकपणे वापरावा लागतो.

ज्यांनी हे कोडे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी नियम सांगतो. चार बाय चारच्या चौकटीत प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत १ ते ४ हे आकडे एकेकदाच यायला हवेत. शिवाय जाड रेघांनी घरांचे लहान गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाच्या कोपऱ्यात एक संख्या व एक चिन्ह छापलेले असते. गटातील आकड्यांवर ती क्रिया केली की ती संख्या मिळाली पाहिजे. वजाबाकी आणि भागाकार फक्त दोन घरांच्या गटात येतात, आणि मोठा आकडा डावीकडे आहे की उजवीकडे याने काही फरक पडत नाही. एका गटात तोच आकडा दोनदा येऊ शकतो, मात्र ती दोन घरे एका ओळीत असता कामा नयेत. हा शेवटचा नियम पुष्कळ जण विसरतात.

हे कोडे तेत्सुया मियामोतो या जपानी शिक्षकाने २००४ साली योकोहामा येथील आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केले. ‘शिकवल्याविना शिकवणे’ असे ते आपल्या पद्धतीचे वर्णन करतात. म्हणजे शिक्षकाने फळ्यावर रीत मांडून दाखवायची नाही, मुलाने कोड्यासमोर बसून ती स्वतः शोधायची. जपानी भाषेत ‘केन’चा अर्थ शहाणपण किंवा हुशारी असा होतो. केनकेन हे नोंदणीकृत नाव असल्यामुळे इतर ठिकाणी हेच कोडे ‘कॅल्क्युडोकू’ किंवा ‘मॅथडोकू’ या नावांनी छापलेले आढळते.

आता मी मुलांसाठी रचलेली तीच चौकट येथे देतो. उभ्या ओळींना डावीकडून क, ख, ग, घ म्हणू आणि आडव्या ओळींना वरून १ ते ४. म्हणजे क१ हे वरचे डावे घर आणि घ४ हे खालचे उजवे. क१ व क२ यांचा गुणाकार ३ आहे. ख१ व ग१ यांतील फरक ३. घ१ व घ२ यांची बेरीज ५. ख२ व ख३ यांचा भागाकार २. ग२, ग३ व घ३ या तीन घरांची बेरीज ६. क३, क४ व ख४ या तीन घरांचा गुणाकार २४. आणि उरलेल्या ग४ व घ४ यांतील फरक ३. कृपया कागदावर चौकट काढून सोडवावी, आणि उत्तर देताना नुसते आकडे न देता प्रत्येक आकड्याचे कारण लिहावे, एवढीच विनंती आहे.

पहाटवारा

फार दिवसांनी कागद-पेन्सिल घेऊन बसले. माझी कारणे ज्या क्रमाने सुचली त्याच क्रमाने लिहिते.

ज्याचे पर्याय सर्वांत कमी, त्या गटापासून सुरुवात केली. गुणाकार ३ हा १ आणि ३ यांनीच होतो. म्हणून क१ व क२ मध्ये हे दोघे आहेत. कोण वर आणि कोण खाली हे अजून ठाऊक नाही, पण क या उभ्या ओळीतील क३ व क४ यांना २ आणि ४ च उरतात, एवढे नक्की झाले. त्या दोघांचा गुणाकार ८. क३, क४ आणि ख४ यांचा मिळून गुणाकार २४ आहे, म्हणून ख४ मध्ये ३. गंमत अशी की क३ आणि क४ यांची जागा ठरण्यापूर्वीच त्यांच्या गटातील तिसरे घर ठरले.

आता वरची आडवी ओळ. १ ते ४ मध्ये फरक ३ देणारी जोडी एकच, १ आणि ४. म्हणून ख१ व ग१ मध्ये तेच दोघे. मग क१ मध्ये १ येऊ शकत नाही, म्हणून तेथे ३ आणि क२ मध्ये १. वरच्या ओळीत आता फक्त २ उरला, म्हणून घ१ मध्ये २, आणि बेरीज ५ होण्यासाठी घ२ मध्ये ३.

खालच्या ओळीत ख४ मध्ये ३ आहे आणि ग४, घ४ यांनी पुन्हा १ व ४ घेतले आहेत, म्हणून क४ मध्ये २ आणि क३ मध्ये ४. घ या उभ्या ओळीत २ आणि ३ लागले, म्हणून घ३ व घ४ मध्ये १ आणि ४. पण तिसऱ्या आडव्या ओळीत ४ आधीच क३ मध्ये बसला आहे, म्हणून घ३ मध्ये १ आणि घ४ मध्ये ४. त्यावरून ग४ मध्ये १, ग१ मध्ये ४, ख१ मध्ये १. ख या उभ्या ओळीत २ आणि ४ उरले. तिसऱ्या ओळीत ४ आहे, म्हणून ख३ मध्ये २ आणि ख२ मध्ये ४. शेवटी ग२ मध्ये २ आणि ग३ मध्ये ३. पूर्ण चौकट अशी:

३ १ ४ २
१ ४ २ ३
४ २ ३ १
२ ३ १ ४

एकदाही खोडावे लागले नाही. तुमच्या त्या सहावीतल्या मुलाला क१ मधल्या ३ चे कारण आता सांगता येईल: शेजारची दोन घरे १ ला बाहेर जाऊ देत नाहीत.

ताळेबंद

पहाटवारा यांचे उत्तर वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, ती येथे नोंदवतो. लेखापरीक्षणात आयुष्य गेल्यामुळे कोणती नोंद कशासाठी वापरली गेली हे तपासण्याची सवय आहे. त्यांनी ख२–ख३ चा भागाकार २ आणि ग२–ग३–घ३ ची बेरीज ६ हे दोन आकडे कोठेच वापरलेले नाहीत. पाच गटांच्या आकड्यांतच सगळी चौकट उलगडली आणि उरलेल्या दोन गटांनी फक्त ताळा दिला: ४ ला २ ने भागून २, आणि २ + ३ + १ = ६. ताळा जुळला, हे उत्तमच. प्रश्न असा की मग हे दोन आकडे छापण्याची गरज होती का?

याचे उत्तर शोधण्यासाठी मी उलटा प्रयोग केला. घ१–घ२ ची बेरीज ५ हा आकडा बोटाने झाकला आणि पुन्हा सुरुवातीपासून सोडवले. क१ मध्ये ३, क२ मध्ये १, घ१ मध्ये २, ख४ मध्ये ३, क४ मध्ये २, क३ मध्ये ४ येथपर्यंत काहीच अडले नाही. त्यानंतर मात्र वाट फुटते. ग४ मध्ये १ धरला तर वरचेच उत्तर येते. ग४ मध्ये ४ धरला तर ग१ मध्ये १, ख१ मध्ये ४, घ४ मध्ये १, आणि मग घ३ मध्ये ३, घ२ मध्ये ४, ग३ मध्ये २, ग२ मध्ये ३, ख३ मध्ये १, ख२ मध्ये २ असे सगळे सुरळीत भरत जाते. आडव्या-उभ्या सर्व ओळी बरोबर. ख२–ख३ चा भागाकारही २ च येतो, म्हणजे त्या गटाकडून काही मदत नाही. फक्त ग२, ग३ आणि घ३ यांची बेरीज ३ + २ + ३ = ८ होते, आणि आपल्याला हवे आहेत ६. म्हणजे जो आकडा मघाशी निव्वळ ताळ्यापुरता वाटत होता, तोच आता खोट्या उत्तराला अडवतो आहे. ५ आणि ६ हे दोन्ही आकडे झाकले, तर या चौकटीची नेमकी दोन उत्तरे होतात.

त्यामुळे माझ्या मते ‘अनावश्यक आकडा’ असे म्हणण्यापूर्वी कोणता दुसरा आकडा हाताशी आहे हे सांगणे आवश्यक आहे. जमा-खर्चात एकच रक्कम दोन वह्यांत लिहिलेली असते; एक वही हरवली की दुसरीची किंमत कळते.

पाटीपेन्सिल

ताळेबंद, हा प्रयोग मी स्वतः केला नव्हता आणि चौकट मीच रचली होती! रचताना मी एवढेच पाहिले होते की उत्तर एकच यावे. आकडे झाकत जाऊन कोठे वाट फुटते हे पाहणे हा मुलांसाठी स्वतंत्र पाठ होऊ शकतो, कारण सोडवणारा सहसा आकड्याकडे आज्ञा म्हणून पाहतो. तो आकडा नेमके कशाला नाकारतो आहे हे त्याला झाकल्यावरच दिसते. चार बाय चारच्या, प्रत्येक ओळीत आकडे एकेकदाच येतील अशा चौकटी एकूण ५७६ असतात. गटांचे सात आकडे मिळून त्यांतील ५७५ नाकारतात, असे म्हटले की मुलांचे डोळे विस्फारतात.

शेवगा

मी चार बाय चारच्या चौकटी सहज सोडवते, पण सहा बाय सहा आली की माझी वहीच गोंधळते. प्रत्येक घरात चार-चार शक्यता बारीक अक्षरात लिहून ठेवते आणि शेवटी काहीतरी एक धरून पुढे जाते. सध्या समोर असलेल्या चौकटीचा थोडा भाग लिहिते. उभ्या ओळी क, ख, ग, घ, च, छ. वरच्या आडव्या ओळीत तीन जोड्या आहेत: क१–ख१ भागाकार २, ग१–घ१ फरक १, च१–छ१ फरक ३. खाली डाव्या कोपऱ्यात क५, क६ आणि ख६ यांचा काटकोनी गट आहे, गुणाकार ७५. बाकीच्या भागाविषयी नंतर विचारीन. भागाकार २ साठी तीन जोड्या निघतात, फरक १ साठी पाच आणि फरक ३ साठी तीन. यातून एक धरल्याशिवाय पुढे कसे जायचे?

पहाटवारा

शेवगा, ७५ पासून सुरुवात करा, कारण तो गट तुम्हाला तीन आकडे फुकट देतो आहे. ७५ चे अवयव पाडले की ३, ५ आणि ५ येतात, आणि १ ते ६ या आकड्यांत दुसरी कोणतीच रीत नाही. आता धागाकर्त्यांनी सांगितलेला विसरला जाणारा नियम आठवा. दोन ५ एका ओळीत येऊ शकत नाहीत. काटकोनी गटात कोपऱ्यावरचे घर इतर दोघांशीही ओळ जोडते, टोकाची दोन घरे मात्र एकमेकांशी जोडलेली नसतात. म्हणून ५ दोन्ही टोकांना आणि ३ कोपऱ्यावर: क५ मध्ये ५, क६ मध्ये ३, ख६ मध्ये ५. गुणाकाराच्या गटात संख्या मोठी दिसली की घाबरायला होते, पण अवयवांमुळे मोठा गुणाकार हाच बहुधा सर्वांत जास्त बोलका गट असतो. सहा बाय सहामध्ये गुणाकाराला ५ ने भाग जातो की नाही, एवढे पाहिले तरी त्या गटात ५ आहे की नाही हे कळते.

वरच्या ओळीसाठी मी सम-विषमाचा विचार करते. १ ते ६ ची बेरीज २१, म्हणजे विषम. दोन संख्यांमधील फरक विषम असेल तर त्यांची बेरीजही विषमच असते. फरक १ ची जोडी विषम बेरजेची, फरक ३ ची जोडीही विषम बेरजेची. दोघींची मिळून बेरीज सम झाली. म्हणून २१ पुरे करण्यासाठी तिसऱ्या जोडीची बेरीज विषमच असली पाहिजे. भागाकार २ देणाऱ्या जोड्या १–२, २–४ आणि ३–६. त्यांतील २–४ ची बेरीज सम आहे, म्हणून ती बाद. एकही आकडा न लिहिता एक शक्यता गेली.

राहिल्या दोन. क१–ख१ मध्ये ३–६ आहेत असे मानू. मग बाकीच्या चार घरांसाठी १, २, ४, ५ उरतात. फरक ३ साठी १–४ घेतले तर उरलेल्या २–५ चा फरकही ३. आणि २–५ घेतले तर उरलेल्या १–४ चा फरक ३. फरक १ ची जोडी कोठूनही मिळत नाही. म्हणून ३–६ बाद आणि क१–ख१ मध्ये १ व २. बाकीचे ३, ४, ५, ६ आपोआप वाटले जातात: फरक ३ चे ३–६ आणि फरक १ चे ४–५.

शेवगा

सम-विषमाची युक्ती मला कधीच सुचली नसती. पण एक शंका प्रामाणिकपणे विचारते. ‘३–६ आहेत असे मानू’ म्हणून तुम्ही पुढे गेलात. मीही ‘हे धरू’ म्हणूनच पुढे जाते. मग तुमचे ते तर्कशास्त्र आणि माझा तो अंदाज, असे का?

पाटीपेन्सिल

शेवगा, हा प्रश्न या धाग्याच्या अगदी गाभ्याचा आहे. नववीच्या भूमितीत आपण अप्रत्यक्ष सिद्धता शिकतो: जे सिद्ध करायचे त्याच्या विरुद्ध मानायचे, त्यातून विसंगती येते हे दाखवायचे आणि मानलेले चुकीचे ठरवायचे. पहाटवारा यांनी नेमके तेच केले. त्यांनी ३–६ मानले ते नाकारण्यासाठी, आणि नाकारल्यावर जे उरले ते लिहिले. अंदाजाने धरणारा उलट वागतो. तो एक शक्यता धरतो, ती तीन-चार घरांपर्यंत बिनबोभाट चालली की तिला खरी समजतो. ताळेबंद यांच्या प्रयोगात ग४ मध्ये ४ धरल्यावर चौकट अगदी शेवटच्या बेरजेपर्यंत बिनतक्रार भरत गेली होती, हे पुन्हा एकदा पाहावे. खोटी वाटही पुष्कळ लांबपर्यंत सरळ जाऊ शकते.

मुलांना मी एक साधी पद्धत सांगतो. मानलेला आकडा चौकटीत लिहायचा नाही, बाजूच्या कच्च्या कामात लिहायचा. विसंगती आली तर तो आकडा बाद, आणि एकच पर्याय उरला असेल तर तो चौकटीत लिहायचा. विसंगती आली नाही तर चौकटीत काहीच लिहायचे नाही, कारण त्यातून काहीच सिद्ध झालेले नसते. ही शेवटची पायरी मुलांना सर्वांत जड जाते. दहा मिनिटे केलेले काम तसेच सोडून द्यावेसे वाटत नाही, हे मी समजू शकतो.

बारीक अक्षरातील शक्यतांविषयीही माझे एक मत आहे. त्या सगळ्या घरांत लिहू नयेत. ज्या गटाच्या दोन किंवा तीनच शक्यता आहेत तेवढ्यांच्याच लिहाव्यात, आणि एकेका घराच्या न लिहिता जोडी म्हणून गटाच्या रेघेवर लिहाव्यात. ‘येथे १ किंवा २’ यापेक्षा ‘या दोघांत १ आणि २’ या वाक्यात अधिक माहिती आहे, कारण त्यामुळे त्या ओळीतील इतर चार घरांतून १ आणि २ दोन्ही बाद होतात.

ताळेबंद

ओळीच्या एकूण बेरजेचा आणखी एक उपयोग सांगतो. सहा बाय सहामध्ये ओळीची बेरीज २१ असते, गुणाकार ७२०. एखाद्या आडव्या ओळीतील पाच घरे बेरजेच्या दोन गटांनी पूर्ण झाकली असतील, उदाहरणार्थ ११ आणि ७, तर सहाव्या घरात २१ − १८ = ३ हे गट न उलगडताच मिळते. गट ओळीबाहेर एका घराने डोकावत असेल तरी चालते. मग दोन ओळी एकत्र घेऊन ४२ मधून वजाबाकी करायची. लेखापरीक्षणात आम्ही तपशील पाहण्याआधी एकूण रक्कम जुळवतो, तसेच हे आहे.

उंबरठा

मी काकुरोचा चाहता आहे, तेथील अनुभव सांगतो. काकुरो हे नाव जपानीतील ‘बेरजेचे शब्दकोडे’ अशा अर्थाच्या शब्दांचे लघुरूप आहे, आणि रचनाही शब्दकोड्यासारखीच असते. काळ्या घरात बेरीज दिलेली आणि पांढऱ्या घरांत १ ते ९ मधील आकडे, एका बेरजेत एकही आकडा पुन्हा न येता. तेथे काही बेरजा पाठच होऊन जातात. दोन घरांत १६ म्हणजे ७ आणि ९, दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९. आडवी १६ आणि उभी १७ जेथे एकमेकींना छेदतात तेथे ९ शिवाय काही येऊच शकत नाही. तीन घरांत ७ म्हणजे १, २, ४. तीन घरांत २३ म्हणजे ६, ८, ९. पाढ्यांसारख्याच या बेरजा जिभेवर बसतात. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या बेरजा शोधा, मधल्या बेरजांकडे आधी पाहूच नका.

आता धागाकर्त्यांशी एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. छापलेल्या प्रत्येक कोड्याचे उत्तर एकच असते, असे रचणाऱ्याने वचनच दिलेले असते. मग ते वचन तर्कात का वापरू नये? समजा दोन आडव्या ओळींत, एकाखाली एक असलेल्या दोन जोड्यांत वर २–३ आणि खाली ३–२ येऊ पाहत आहेत. त्यांची अदलाबदल करून वर ३–२ आणि खाली २–३ केले तरी आडव्या ओळी तशाच राहतात, उभ्या ओळी तशाच राहतात, आणि दोन्ही जोड्या स्वतंत्र गट असतील तर त्यांच्या बेरजा किंवा गुणाकारही बदलत नाहीत. म्हणजे दोन उत्तरे झाली. उत्तर तर एकच असते, म्हणून अशी मांडणी तेथे असूच शकत नाही. मी हे नेहमी वापरतो आणि त्याला पूर्ण तर्कशुद्ध मानतो.

पाटीपेन्सिल

उंबरठा, तुमची मांडणी निर्दोष आहे आणि स्पर्धेत वेळ लावून सोडवणाऱ्याने ती अवश्य वापरावी. तरीही मुलांसमोर मी ती आणत नाही. तिच्यातील ‘म्हणून’ चौकटीतून येत नाही, तो चौकट रचणाऱ्याच्या शब्दावरून येतो. ताळेबंद यांनी दोन आकडे झाकून दाखवलेली चौकट घ्या. तिची दोन उत्तरे होती. अशा चौकटीवर ‘उत्तर एकच’ या आधाराने तर्क केला असता तर आपण एका खऱ्या उत्तराला खोटे ठरवले असते आणि ते आपल्याला कधी कळलेही नसते. उत्तर एकच आहे हे सोडवणाऱ्याने शेवटी सिद्ध करायचे असते, आणि आपण केलेल्या पायऱ्यांची मालिकाच ती सिद्धता असते.

उंबरठा

तुमचा मुद्दा समजला, पण पूर्ण पटला नाही. वचन हाही दिलेल्या माहितीचाच भाग आहे, असे मी अजूनही म्हणेन.

याच संदर्भात एक जुने उदाहरण आठवले, ज्यात वचनाची गरज पडत नाही. तीन बाय तीनचा जादूचा चौरस, १ ते ९, प्रत्येक ओळ आणि दोन्ही कर्ण १५. शाळेत तो आपल्याला पाठ करायला लावतात, पण मधला ५ तर्कानेच येतो. मधल्या घरातून चार रेषा जातात, त्यांची मिळून बेरीज ६०. त्या बेरजेत मधले घर चारदा मोजले जाते, बाकीची आठ घरे एकेकदा. नऊ घरांची बेरीज ४५ आहे, म्हणून ६० मधील जास्तीचे १५ म्हणजे मधल्या घराची तिप्पट. म्हणून मध्ये ५. आणि १ कोपऱ्यात का येत नाही? कोपऱ्यातून तीन रेषा जातात, तर १ घेऊन १५ करण्याच्या रीती दोनच आहेत: १ + ५ + ९ आणि १ + ६ + ८. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला ३४ बेरजेचा चार बाय चारचा चौरस पाहताना मला नेहमी वाटते की तो रचणाऱ्याने अशी किती कारणे मनात जुळवली असतील.

शेवगा

माझी सहा बाय सहाची चौकट काल रात्री पूर्ण झाली. शेवटी काय झाले ते सांगते, कारण वरच्या मतभेदाशी त्याचा संबंध आहे.

चार घरे उरली होती: ग३, छ३, ग४ आणि छ४. चारही घरांत २ किंवा ३. वर २–३ आणि खाली ३–२ लिहिले तरी ओळी जुळत होत्या, उलटे लिहिले तरी जुळत होत्या. पूर्वी मी येथे एक धरले असते आणि उत्तराचे पान उघडले असते. या वेळी उंबरठा यांचे म्हणणे आठवले. उत्तर एकच असेल तर या अदलाबदलीला अडवणारा एखादा गट असलाच पाहिजे, आणि मी तो अजून वापरलेला नाही. म्हणून आकडा न लिहिता मी या चार घरांचे गट एकेक करून पाहिले. छ४ हे घर छ५ आणि च५ यांच्याबरोबर एका काटकोनी गटात होते, गुणाकार ४८. छ५ मध्ये ४ आणि च५ मध्ये ६ मी इतर ओळींवरून आधीच भरले होते आणि तो गट संपला असे समजून त्याच्याकडे पुन्हा पाहिलेच नव्हते. ४ आणि ६ यांचा गुणाकार २४, छ४ मध्ये ३ असता तर ७२ झाले असते.

म्हणजे कोठे पाहायचे ते उंबरठा यांच्या वचनाने सांगितले, पण वहीत छ४ समोर मी कारण लिहिले ते धागाकर्त्यांच्या पद्धतीचे: ४८ भागिले २४, म्हणून २. मग छ३ मध्ये ३, ग३ मध्ये २, ग४ मध्ये ३.

पाटीपेन्सिल

शेवगा, वचनाचा असा उपयोग माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. येत्या रविवारी मुलांना तुमची ती चार घरे ४८ चा आकडा झाकून देणार आहे आणि विचारणार आहे की झाकलेल्या जागी काय छापलेले असू शकेल. ४८ किंवा ७२, दोन्ही उत्तरे बरोबर धरीन, मात्र त्यामागचे कारण त्यांनी दिले पाहिजे.

उंबरठा

कृपया त्या प्रश्नात माझ्यातर्फे एक भर घालावी: गुणाकाराऐवजी तेथे बेरीज छापायची असती तर कोणते दोन आकडे चालले असते?

पहाटवारा

१२ आणि १३. कारण ४ आणि ६ मिळून १०, आणि त्या घरात २ किंवा ३.